मोकळें आणि रिकामें

आमच्या मराठींत 'मोकळें' आणि 'रिकामें' असे दोन शब्द आहेत, आणि ते एकमेकांचे पर्याय नाहींत. अंगण मोकळें असतें, वारा मोकळा असतो, मन मोकळें असतें. घडा रिकामा असतो, खुंटी रिकामी असते, खिसा रिकामा असतो. मोकळ्या वस्तूंत कांहीं उणें नसतें. रिकाम्या वस्तूंत असतें, आणि म्हणून ती भरावी लागते. हा भेद आमच्या आजीला, जिनें शाळेचें तोंड पाहिलें नव्हतें, पूर्णपणें कळत होता. तो ज्यांना कळत नाहीं, किंवा कळत असूनहि कळत नाहींसें जे दाखवितात, अशा मंडळींच्या हातीं गेलीं तीस-पस्तीस वर्षें मुंबईची जमीन आहे; आणि आमचें आजचें भांडण त्यांच्याशीं आहे. थोडेंसें तें आमच्या स्वतःशींहि आहे, परंतु त्याची वेळ पुढें येईल.

प्रसंग अगदीं क्षुल्लक घडला. दादर पूर्वेला हिंदु कॉलनीच्या ज्या गल्लींत आम्ही राहतों, तेथील आमच्या इमारतीच्या रहिवाशांची गेल्या महिन्यांत सभा भरली होती. इमारतीच्या मागल्या अंगास पंधरा-वीस पावलें रुंदीचा एक पट्टा आहे. त्यांत एक बकुळीचें झाड आणि एक मोडका बांक यांखेरीज कांहीं नाहीं. त्या पट्ट्यावर मोटारी एकीवर एक चढवून ठेवण्याचा लोखंडी सांगाडा उभारावा, असा ठराव एका तरुण गृहस्थांनीं मांडला. आराखडा सुबक होता, हिशेब चोख होता, आणि बोलणें संपवितांना ते म्हणाले, "नाहींतरी ती जागा रिकामीच पडली आहे." सभेंतील कोणालाहि त्या वाक्यांत वावगें असें दिसलें नाहीं. रोज संध्याकाळीं त्या रिकाम्या जागेंत सात-आठ मुलें चेंडू खेळतात, दुपारीं वॉचमन व घरकाम करणाऱ्या बायका तेथेंच आपले डबे सोडतात, आणि तळमजल्यावरील पंच्याऐंशी वर्षांच्या एक बाई दिवसांतून एकदां त्या बांकापर्यंत चालत जातात, कारण त्यापलीकडे जाण्याचें बळ त्यांना उरलेलें नाहीं. हें सर्व ज्याला 'कांहीं नाहीं' असें दिसतें, त्याच्या डोळ्यांत दोष आहे असें आम्ही म्हणणार नाहीं. दोष त्याच्या शब्दकोशांत आहे. हे गृहस्थ एके काळीं आमच्याच वर्गांत बसत असत. तेव्हां त्या दोषाचा कांहीं वाटा आमच्या पदरीं घेणें प्राप्त आहे.

एका शब्दाच्या बळावर केवढें कार्य उरकतां येतें, हें पाहावयाचें असेल तर वाचकांनीं आमच्याबरोबर दादरहून दक्षिणेस परळ-लालबागेंत यावें. १९८२ सालीं सुरू झालेल्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि मुंबईंतील गिरण्यांच्या सुमारें ६०० एकर जमिनीचें काय करावयाचें हा प्रश्न उभा राहिला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीच्या ५८ व्या नियमानें त्याला उत्तर दिलें होतें, आणि तें उत्तर वाईट नव्हतें. जी गिरणी आपली जमीन नव्या बांधकामासाठीं खुली करील, तिनें ढोबळमानानें एक तृतीयांश भाग महापालिकेला मैदानें व उद्यानें यांसाठीं द्यावा, एक तृतीयांश गृहनिर्माण मंडळाला सामान्यांच्या घरांसाठीं द्यावा, आणि उरलेला मालकानें वापरावा, असा तो नियम होता. १९९६ सालीं वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखालीं सरकारनें एक समितीहि नेमली. सुटे सुटे तुकडे न पाडतां या जमिनींचा एकत्र विचार करावा, असें तिचें म्हणणें होतें. पुढें २००१ सालीं त्या ५८ व्या नियमांत दुरुस्ती झाली. वांटणी तशीच राहिली, तृतीयांश तसाच राहिला. फक्त वांटणी कशाची करावयाची तें बदललें. गिरणीच्या आवारांत आधींपासून जी बिनबांधकामाची जमीन असेल तेवढीच हिशेबांत धरावी, गिरणीच्या इमारती पाडून जी मोकळी होईल ती धरूं नये, असें ठरलें. आतां गिरणीच्या आवारांत बिनबांधकामाची जमीन ती किती असणार? सूतखातें, विणखातें, गुदामें, चिमणी, बॉयलर यांनीं भरलेल्या आवारांत जो काय कोपराकातरा उरला असेल, त्याचा तिसरा हिस्सा! ऑक्टोबर २००५ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें या अर्थाविरुद्ध निकाल दिला. मार्च २००६ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो फिरविला, आणि कायद्यानें प्रश्न मिटला.

कायद्यानें मिटलेला प्रश्न लालबागच्या पोराच्या पायांखालीं मात्र मिटलेला नाहीं. जमीन तीच, गिरणी तीच, नियमाचा क्रमांकहि तोच. बदलला तो एका विशेषणाचा अर्थ. त्या एका विशेषणांत परळ, लालबाग, लोअर परळ येथलीं जन्मास येणारीं मैदानें गर्भांतच नाहींशीं झालीं. त्यांच्या जागीं आज कांचेचे मनोरे आहेत, आणि त्या मनोऱ्यांच्या पोटांत पोहण्याचे तलाव व हिरवळी आहेत. त्या कोणासाठीं हें सांगावयास नको.

यावर एक आक्षेप आमच्यापुढें हमखास येतो, आणि तो मांडणारे लोक बहुधा स्वतःस व्यवहारी म्हणवितात. ते विचारतात, 'शहरांत माणसांना डोकें टेकावयाला जागा नाहीं, आणि तुम्ही बागा काय मागतां? दहा बाय बाराच्या खोलींत आठ माणसें झोपतात, त्यांना बकुळीच्या वासाचें काय कौतुक?' हा युक्तिवाद गरिबांच्या नांवानें केला जातो, आणि त्याची पावती नेहमीं श्रीमंतांच्या नांवानें फाटते. ज्या दुरुस्तीनें मैदानांचा तृतीयांश आक्रसला, त्याच दुरुस्तीनें घरांचाहि तृतीयांश तेवढाच आक्रसला, हें हे व्यवहारी लोक सोयीस्कर विसरतात. दुसरें असें, कीं दहा बाय बाराच्या खोलींत राहणाऱ्यालाच मैदान लागतें. ज्याच्या दिवाणखान्यांत मुलाला सायकल चालवितां येते, त्याला तें नसलें तरी चालतें. सुटींत त्याला लोणावळें आहे, महाबळेश्वर आहे. चाळींतील मनुष्य अभ्यासाला कंदिलाखालीं, म्हाताऱ्याला कठड्यापाशीं आणि पोरांना मैदानावर पाठवीत आला, म्हणून तर त्या खोलींत आठ माणसें राहूं शकलीं. मैदान ही त्याची नववी खोली होती. २०३४ पर्यंतच्या विकास आराखड्यासाठीं महापालिकेनें जी मोजदाद केली, तींत मुंबईकराच्या वांट्यास माणशीं सव्वा चौरस मीटरच्या आसपास मोकळी जागा येते असें आढळलें. सव्वा चौरस मीटर म्हणजे एका माणसाला पाय पसरून निजतांहि येणार नाहीं एवढी चटई.

आमचें दादर तरी आभाळांतून पडलेलें नाहीं. १८९६ सालीं मांडवींत प्लेग फुटला, आणि १८९८ सालीं सरकारनें सुधारणा ट्रस्ट स्थापन केला. या ट्रस्टची स्तुति करण्याचा आमचा हेतु नाहीं. जुन्या शहरांतील गरिबांचीं घरें त्यानें धडाधड पाडलीं आणि ज्यांचीं पाडलीं त्यांना पुरेशीं बांधून दिलीं नाहींत, हा त्याच्यावरील आरोप खरा आहे. रोगाचें कारणहि त्यानें चुकीचें धरलें होतें. उंदरांच्या पिसवांनीं पसरणारा रोग कोंदट हवेनें व दाट वस्तीनें पसरतो, अशी त्याच्या चालकांची समजूत होती. परंतु चुकीच्या कारणासाठीं त्यांच्या हातून एक बरोबर गोष्ट झाली. दादर-माटुंग्याच्या शेतां-वाड्यांवर त्यांनीं आधीं रस्ते आंखले, बागांच्या जागा राखल्या, आणि घरांसाठीं प्लॉट दिले तेव्हां घराभोवतीं जागा सोडण्याचें बंधन घातलें. आज ज्यांना पांच उद्यानें म्हणतात तीं त्यांतून आलीं. शेजारच्या पारशी कॉलनींत मंचेरजी एदलजी जोशी यांच्यासारख्या गृहस्थानें त्या आंखणींत जीव ओतला. फिरदौसी रस्त्यावरची महोगनीची रांग अजून उभी आहे, आणि जूनच्या पहिल्या पावसांत त्या रस्त्यानें चालण्याचें सुख आम्हीं पुष्कळ वेळां फुकट घेतलें आहे. आमच्या घरामागील पट्टाहि त्याच बंधनाची शिल्लक. म्हणजे तो कोणाच्या दुर्लक्षानें 'पडलेला' नाहीं. प्लेगांत मेलेल्या हजारों माणसांच्या किंमतीनें तो राखलेला आहे.

रुळांच्या पश्चिमेस शिवाजी पार्क. सुमारें २८ एकरांचें हें मैदान १९२५ सालीं माहीम पार्क या नांवानें लोकांस खुलें झालें, आणि १९२७ सालीं, नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें, त्याला शिवछत्रपतींचें नांव मिळालें. त्या मैदानावर काय काय झालें तें सांगावयास बसलों तर हा अंक पुरणार नाहीं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा तेथें गाजल्या. रमाकांत आचरेकरांच्या नेटवर सचिन तेंडुलकर तेथेंच घडला. आणि ज्यांच्या हातून कांहींच घडलें नाहीं अशा हजारों पेन्शनरांनीं त्याच्या कट्ट्यावर आपलीं संध्याकाळची वर्षें काढलीं. या सर्वांना तें मैदान पुरलें, कारण कोणीहि तें आपल्याबरोबर घेऊन गेलें नाहीं.

येथें आम्ही एका नाजुक विषयास हात घालीत आहों. लोकमान्य टिळकांचें दहन १ ऑगस्ट १९२० रोजीं गिरगांवच्या चौपाटीवर झालें; नेहमींच्या स्मशानाबाहेर, खास परवानगीनें. तेव्हांपासून थोर पुरुषाला सार्वजनिक जागेंत निरोप देण्याचा एक पायंडा पडला आहे, आणि निरोपाबद्दल आमची तक्रार नाहीं. शोक करणाऱ्या लाखों लोकांना उभें राहावयाला जागा लागते, आणि मैदान त्यासाठींच आहे. तक्रार दुसऱ्या दिवसापासून सुरू होते. १८ नोव्हेंबर २०१२ रोजीं शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांच्यावर शिवाजी पार्कांत अंत्यसंस्कार झाले. त्या जागेवरील चौथरा काढावा कीं ठेवावा यावरून महिनाभर वाद चालला. डिसेंबरांत तो काढला गेला, मैदानाच्या कडेला लहानसें स्मृतिस्थळ राहिलें, आणि पुढें समोरच्या महापौर निवासाच्या जागीं स्मारक करण्याचें ठरलें. महापौर राणीच्या बागेंतील एका बंगल्यांत राहावयास गेले. म्हणजे त्याहि फेऱ्याचा शेवट एका बागेंतच झाला! ६ फेब्रुवारी २०२२ रोजीं लता मंगेशकरांना त्याच मैदानावर निरोप दिला गेला, आणि राख निवते न निवते तोंच स्मारकाची मागणी उठली. तेव्हां हृदयनाथ मंगेशकरांनीं, कुटुंबाची अशी इच्छा नाहीं, हा वाद थांबवा, असें जाहीरपणें सांगितलें. एवढा सुजाणपणा राज्यकर्त्यांकडून आला असता तर आम्हांस हा लेख लिहावा लागला नसता. डिसेंबर २०२४ मध्यें खुद्द आचरेकरांचें स्मारक मैदानाच्या एका फाटकाशीं उभें राहिलें. तें लहान आहे, आणि त्या गुरूविषयीं आमच्या मनांत आदरच आहे. पण सकाळीं सहा वाजतां त्या मैदानावर खांद्याला किटबॅग अडकवून जीं पन्नास मुलें येतात, त्यांच्याहून अधिक त्यांची आठवण दगडाला राहणार आहे काय?

मैदान वापरणें आणि मैदान घेणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. हा भेद एकदां ध्यानांत आला कीं मग आमच्याच वर्गाच्या एका ढोंगाकडे वळावें लागतें, आणि तें काम आम्हांस सुखाचें नाहीं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें दहन ७ डिसेंबर १९५६ रोजीं दादरच्या चौपाटीवर झालें. १९७१ सालीं तेथें स्तूप उभा राहिला, तीच चैत्यभूमि. दरवर्षीं ६ डिसेंबरला तेथें देशाच्या कानाकोपऱ्यांतून लाखों माणसें येतात, शिवाजी पार्कांत मांडवाखालीं दोन-तीन रात्री काढतात, आणि जातात. आमचे दादरकर स्नेही, ज्यांना दिवाळींतील रोषणाई, निवडणुकीच्या सभा, गाण्यांचे जलसे आणि मोटारींची दुतर्फा रांग चालते, ते या तीन दिवसांत एकाएकीं मैदानाचे कैवारी होतात. घाण, गर्दी, आवाज, रोगराई! २०१० सालीं उच्च न्यायालयानें मैदानाचा परिसर शांतता क्षेत्र ठरविला त्याचें स्मरण त्यांना याच आठवड्यांत विशेष होतें. पुष्कळ जण गांव सोडून जातात. दुसऱ्यास नांवें ठेवावयास नकोत. आम्ही स्वतः कित्येक वर्षें हे दिवस पुण्यास काढीत असूं, आणि त्याला 'बहिणीकडे जाणें' असें नांव देत असूं.

एका वर्षीं परीक्षेच्या कामामुळें जातां आलें नाहीं, आणि त्या दुपारीं आम्ही मैदानाकडे गेलों. पाहिलें तें असें, कीं त्या गर्दींत सर्वांत अधिक गर्दी पुस्तकांच्या दुकानांपाशीं होती. आम्ही आयुष्यभर पुस्तकांचा धंदा करीत आलों, पण वाचकांची अशी झुंबड आम्हीं कोणत्याहि साहित्य संमेलनांत पाहिली नाहीं. परभणीकडचे एक वृद्ध गृहस्थ पिशवींत दोन पुस्तकें घेऊन तिसऱ्याची किंमत विचारीत उभे होते. त्यांनीं आम्हांस विचारलें, "गुरुजी, राजगृहाकडं कसं जायचं?" आम्ही म्हणालों, "पूल ओलांडून हिंदु कॉलनींत. आम्ही तेथेंच राहतों." त्यांनीं हात जोडले आणि म्हणाले, "मग तुम्हाला रोज दर्शन होत असंल." ज्या घरांत त्या महापुरुषानें आपला ग्रंथसंग्रह ठेवला, तें घर आमच्या घरापासून पांच मिनिटांच्या वाटेवर, त्यावरून आम्ही वीस वर्षें भाजी आणावयास जात होतों, आणि आंत एकदांहि गेलों नव्हतों. त्या गृहस्थांना आम्हीं राजगृहापर्यंत पोहोंचविलें. आंत जाण्याचें धैर्य त्या दिवशीं झालें नाहीं. दुसऱ्या आठवड्यांत गेलों.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मैदानावर पुन्हा स्टंप ठोकलेले असतात. घेतलेलें सर्व परत केलें जातें. ज्यांच्याविरुद्ध आमचे स्नेही तक्रार करतात, त्यांनीं त्या मैदानाची एक तसूहि आपल्या नांवावर केलेली नाहीं. उलट मोटारींनीं गल्ल्या गिळल्या त्याविषयीं मात्र कोणी पुण्यास जात नाहीं.

मृतांच्या जागेबद्दल बोलणें अमंगल वाटेल, पण विषय त्यांच्याशिवाय पुरा होत नाहीं. जुनी मुंबई आपल्या मृतांना फार दूर ठेवीत नसे. गिरगांवालगत सोनापूर होतें, आणि तेथील स्मशान शिवडीस हलविण्याचा सरकारचा बेत नाना शंकरशेटांनीं हाणून पाडला, हें जाणत्यांस ठाऊक आहे. शिवडीस जें गेलें तें युरोपियनांचें दफनस्थान. आणि त्यासाठीं १८६५ च्या सुमारास म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनीं जी जागा घेतली, ती एका कृषि-उद्यान संस्थेची बाग होती! लंडनांत याच्या उलट झालें. १८५२ च्या कायद्यानें शहरांतील भरून गेलेलीं दफनस्थानें बंद करण्याचा मार्ग मोकळा झाला; पुढें इझाबेला होम्स नांवाच्या बाईंनीं जुने नकाशे घेऊन व गल्लोगल्लीं हिंडून अशा जागांचा छडा लावला आणि १८९६ सालीं त्यांवर पुस्तकच लिहिलें; आणि १८८४ च्या कायद्यानें बंद पडलेल्या दफनस्थानावर इमारत बांधण्यास मनाई झालीच होती. त्यांपैकीं पुष्कळ जागा आज बागा आहेत. गरीब वस्तींतील मुलें तेथें झोंपाळ्यावर बसतात, आणि जुने थडग्यांचे दगड भिंतीला टेकून उभे असतात. त्या देशाचें सर्व अनुकरण करण्याची संवय आमच्या पिढीला लागली होती. नेमकी ही गोष्ट अनुकरणांतून निसटली.

शिवडीच्या त्या दफनस्थानांत आम्ही गेल्या हिंवाळ्यांत गेलों होतों. बोरीबंदर बांधणारा स्टीव्हन्स १९०० सालीं वारला, तो तेथें आहे. गेटवे ऑफ इंडियाचा रचनाकार विटेट १९२६ सालीं वारला, तोहि तेथें आहे. मुंबईचें चित्र काढावयास सांगितलें तर कोणतेंहि मूल ज्या दोन इमारती काढील, त्यांचे कर्ते झाडाखालीं निवांत पडले आहेत. शिवडीच्या धुरकट पट्ट्यांत एवढी दाट सावली दुसरीकडे क्वचितच सांपडेल. पक्षी होते, दोन कुत्रे होते, एक बाई नव्या क्रुसापाशीं झेंडूचीं फुलें ठेवीत होती. तींहि जागा कोणातरी सभेंत, कोणातरी सुबक आराखड्यांत, एक दिवस 'रिकामी' ठरेल अशी भीति आम्हांस तेथें वाटली, आणि ती निराधार नाहीं. उद्यानाच्या पोटांत मोटारींचें तळघर करण्याचा बेत वांद्र्याच्या पटवर्धन उद्यानाबाबत निघालाच होता. वरतीं झाडें राहतील, असें अशा वेळीं सांगण्यांत येतें. मुळें कोठें राहतील, हें सांगण्यांत येत नाहीं.

आमची मागणी मोठी नाहीं. प्रत्येक वॉर्डाच्या कचेरींत एक फळा लावावा, आणि त्या वॉर्डांतील प्रत्येक मैदान, बाग, स्मशान, दफनस्थान व सोडलेली जागा यांचें नांव, क्षेत्रफळ, आणि त्यांतून गेल्या वर्षीं काय कमी झालें, हें मराठींत लिहावें. जागा वापरावयास द्यावी लागली तर ती कोणत्या तारखेस परत मिळणार, ती तारीखहि लिहावी. आणि सरकारी कागदांतून 'रिकामा भूखंड' हे शब्द या जागांपुरते काढून टाकावे. आमच्या व्यवसायांत शब्दांची किंमत फार धरतात म्हणून आम्हांस हें महत्त्वाचें वाटतें, असें कोणी म्हणेल. त्यानें ५८ व्या नियमाची दुरुस्ती एकदां वाचावी.

आमच्या इमारतीची तहकूब सभा येत्या रविवारीं सकाळीं दहा वाजतां आहे. ठराव मंजूर होण्याचाच संभव अधिक आहे, कारण मोटारी असलेलीं घरें अकरा आहेत आणि नसलेलीं पांच. आम्ही विरुद्ध बोलणार आहों. बकुळीखालच्या बांकाचा मोडका पाय सुताराकडून आम्हीं परवां बसवून घेतला. तळमजल्यावरच्या बाई काल त्यावर अर्धा तास बसल्या होत्या.